पायडलाच्या पल्ल्यातलं गाव

पुण्यात कसब्यातल्या एका जुन्या वाड्यात अण्णा आणि माई राहायचे. अण्णा पिंपरीच्या एका कारखान्यात टर्नर होते. ते नोकरीला लागले तेव्हा पुण्याला अजून सायकलींचं शहर म्हणत. पुढे बरोबरचे लोक एकेक करून लुनावर गेले, मग स्कूटरवर, मग कंपनीच्या बसमध्ये. अण्णांनी मात्र सायकल सोडली नाही. पहिली पाळी असली की पहाटे साडेपाचला वाड्याची दिंडी उघडायची. शिवाजीनगर, खडकी, बोपोडी, हॅरिस पूल ओलांडून दापोडी, आणि भोंगा व्हायच्या आत अण्णा गेटपाशी. रविवारी सिंहगडचा पायथा, नाहीतर कात्रजचा जुना घाट. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी गिअरची सायकल घेतली आणि सत्तावन्नाव्या वर्षी 200 किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळात संपवायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, पुरी केली. तिला साडेतेरा तासांची मुदत असते. अण्णा त्यातला अर्धा तास शिल्लक ठेवून परतले, माईंनी केलेली मुगाची खिचडी खाल्ली आणि सरळ झोपले.

निवृत्त झाले त्याच वर्षी वाडा पाडायला निघाला. बिल्डरकडून येणारे पैसे आणि फंडाची रक्कम एकत्र केली तर लहानशा गावात स्वतःचं घर होण्यासारखं होतं. अण्णांनी ठरवलं, उरलेलं आयुष्य अशा गावी काढायचं जिथे सायकल मनसोक्त चालवता येईल. पुण्यात ते सुख राहिलं नव्हतं. सायकलींसाठी आखलेल्या पट्ट्यांवर मोटारी उभ्या असायच्या, आणि सकाळचे आठ वाजले की चौकाचौकांत जीव मुठीत धरून जावं लागायचं.

माईंची हरकत नव्हती. मुलगा बेंगळुरूला होता, त्यामुळे पुण्यात अडकून राहायचं कारणही नव्हतं. त्यांनी अट एकच घातली.

"गाव तुम्ही शोधा. पण घेण्याआधी तिथे भाड्यानं राहायचं, आणि कुठल्या महिन्यात राहायचं ते मी सांगेन."

"अगं, महिन्यानं काय फरक पडतो?"

"मी या वाड्यात लग्न होऊन आले ती वैशाखात. छप्पर कुठे कुठे गळतं ते मला आषाढात कळलं."

पहिलं नाव निघालं पाचगणीचं. वाईहून पाचगणीला चढणारा पसरणी घाट अण्णांचा फार लाडका. साधारण 12 किलोमीटरचा चढ, वळणावळणानं सहाशेएक मीटरची उंची, आणि वर जावं तसतसं खाली कृष्णेचं खोरं आणि धोम धरणाचं पाणी उलगडत जातं. पुण्याचे सायकलवाले तेवढ्यासाठी मुद्दाम वाईला येतात. अण्णा फेब्रुवारीत गेले, सकाळच्या थंडीत घाट चढले, वर एका टपरीवर चहा सांगितला आणि चहा येण्याआधीच मनाशी घर घेऊन मोकळे झाले.

टपरीवर सत्तरीचे एक गृहस्थ बसले होते. ते बराच वेळ अण्णांच्या सायकलीकडे बघत होते. मग उठून जवळ आले, खाली वाकून मागच्या सगळ्यांत मोठ्या चक्राचे दाते बोटानं मोजले आणि म्हणाले, "बत्तीस. माझ्या सायकलीला अठ्ठावीसच होते. पण तेवढ्यावर मी हा घाट वर्षानुवर्षं चढलो."

ते मुंबईहून आलेले. अठ्ठावन्नाव्या वर्षी याच घाटासाठी त्यांनी इथे घर घेतलं होतं. रोज सकाळी खाली वाईला उतरायचं, ढोल्या गणपतीला नमस्कार करायचा आणि पुन्हा वर यायचं. पुढे गुडघे दुखायला लागले. उतरायला आजही त्यांना काही अडचण नव्हती, पण घर वर होतं. काही दिवस एसटीच्या टपावर सायकल टाकून आणली, काही दिवस ओळखीच्या टेम्पोवाल्याला गाठलं. मग एका पावसाळ्यात ती पोर्चमध्ये उभी राहिली ती राहिलीच.

"गावातल्या गावात चालवता येईल की," अण्णा म्हणाले.

"येते ना. मे महिन्यात आणि शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांच्या रांगेतून, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत धुक्यातून. मला आता तेवढा धीर नाही." गृहस्थ थोडं थांबले. "घाटाचा काही दोष नाही हो. मी घर घेतलं ते अठ्ठावन्न वर्षांच्या माणसासाठी. राहायला लागलं सत्तरीच्या माणसाला."

अण्णांनी घरी येऊन हे सगळं माईंना जसंच्या तसं सांगितलं. आषाढात पाचगणीला जाऊन राहायची गरजच पडली नाही.

भाच्यानं नाशिक सुचवलं. तिथे सायकलवाल्यांची मोठी फळी आहे, 2015 साली दोघांच्या गटात अमेरिकेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतची शर्यत पुरी करणारे डॉक्टर महाजन बंधू तिथलेच, हे सगळं त्यानं मामाला उत्साहानं ऐकवलं. अण्णांना त्याचं कौतुक होतं. पण मोठं शहर सोडायचं आणि पुन्हा वाढत्या शहरातच जायचं, हे त्यांच्या मनाला पटेना.

मग डिसेंबरात ते कोकणात उतरले आणि हरखून गेले. हर्णैला मासळीचा लिलाव बघितला, दापोलीला मुक्काम केला, दाभोळच्या खाडीत फेरीबोटीवर सायकल चढवली आणि पलीकडे धोपाव्याला उतरून गुहागर गाठलं. गुहागरला लांबच लांब किनारा आणि त्याला समांतर गावातून जाणारा सरळ रस्ता. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, जांभ्या चिऱ्याचे गडगे, मध्ये व्याडेश्वराचं देऊळ. सकाळी त्या रस्त्यावरून सायकल मारताना अण्णांना वाटलं, आपण जन्मभर पायडल मारले ते इथे पोचण्यासाठीच. एका वाडीत मागच्या बाजूच्या दोन खोल्या भाड्यानं मिळत होत्या. त्यांनी तिथूनच फोन केला.

माईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "छान आहे. आपण जुलैत राहू."

जुलैत दोघं गेले. पहिले काही दिवस तर पावसाचंच अप्रूप होतं. पागोळ्या, अळूची पानं, वाडीच्या मालकीणबाईंनी आणून दिलेल्या फणसाच्या आठळ्या. अण्णा रेनकोट चढवून रोज बाहेर पडायचे. पण गावातला तो सरळ रस्ता संपला की चढ लागायचा. कोकणच्या किनाऱ्याचा रस्ता नकाशात समुद्राच्या कडेनं जातो, म्हणून बघणाऱ्याला तो सपाट वाटतो. प्रत्यक्षात तो खाडीपाशी उतरतो, मग जांभ्याच्या सड्यावर चढतो आणि पुन्हा पुढच्या खाडीला उतरतो. फिरायला आलेला माणूस त्या चढ-उतारांवर खूश असतो. गोळ्या आणि रॉकेल आणायला निघालेल्याला तोच चढ मोजावा लागतो. शिवाय खारी हवा. आज पुसून तेल घातलेली चेन चार दिवसांत तांबूस व्हायची, ब्रेकच्या तारा आवळायच्या. अण्णा रोज संध्याकाळी पडवीत बसून चेनची एकेक कडी फडक्यानं पुसायचे. सवयीचं काम होतं, पण आधी ते आठवड्यातून एकदा करायचे.

माईंचे गुडघे आधीपासूनच कुरकुरत होते. त्या ओल्या हवेत उजवा गुडघा चांगलाच सुजला. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी गावात मिळाली नाही, म्हणून अण्णा दुपारी शृंगारतळीला निघाले. चढ चढून गेले, गोळ्या घेतल्या, चहा घेतला आणि परत फिरले. सड्यावर आल्यावर मागचं चाक बसलं. अण्णा जुने, त्यांच्या पिशवीत जादा ट्यूब होती. भर पावसात त्यांनी ती बदलली. पाव तासानं पुन्हा हवा गेली. ओल्या रस्त्यावर बारीक कच टायरला चिकटून येते आणि भिजलेल्या रबरात ती लवकर घुसते, हे सायकलवाल्यांना ठाऊक असतं. चिकटपट्टी होती, सोल्यूशन होतं, पण त्या पावसात ट्यूब कोरडी कशानं करणार? दोनदा लावलेली पट्टी दोनदा सुटून हातात आली. शेवटची एसटी निघून गेली होती. अण्णांनी सायकल हातात धरली आणि चालायला लागले.

इकडे गावात वीज गेलेली, फोनला रेंज नाही. माई पडवीत कंदील घेऊन बसल्या होत्या. मालकीणबाईंनी शेवटी आपल्या मुलाला मोटारसायकलवर पाठवलं. तो अण्णांना उताराच्या तोंडाशी भेटला. नऊ वाजून गेले होते. अण्णा नखशिखांत भिजले होते आणि गोळ्यांची पुडी मात्र छातीशी कोरडी ठेवली होती.

गरम पाण्यानं पाय शेकून झाल्यावर माई बोलल्या. आवाज चढला नव्हता.

"आता यापुढे गाव बघताना समुद्र बघू नका, घाट बघू नका, झाडी बघू नका. एवढंच बघा, सायकल पंक्चर झाली तर ती हातात धरून माणूस चालत दिवेलागणीला घरी पोचतो का. आणि तो माणूस पंचाहत्तर वर्षांचा धरा."

अण्णांनी मान हलवली.

यात गुहागरला कुणी नावं ठेवू नयेत. जो तिथे जन्मला त्याला कुठली एसटी कधी येते हे पाठ असतं, कुणाच्या दारात रिक्षा उभी असते ते ठाऊक असतं, आणि अडलं तर हाक मारायला दहा घरं असतात. त्याच्यासाठी तो चढ चढ नसतोच. बाहेरून साठीत आलेल्या माणसापाशी यांतलं काही नसतं. अण्णांपाशी एक सायकल होती आणि मालकीणबाईंची माया, आणि ती तर त्या रात्री भरभरून मिळाली.

महिना पुरा करून दोघं निघाले, पण पुण्याला गेले नाहीत. माईंची धाकटी बहीण सांगलीला होती. तिनं फोनवर धोशाच लावला : "भावोजी, ताईला इकडे आणा. मिरजेत दाखवू." मिरजेला गुडघा दाखवणं यात तिला काही विशेष वाटत नव्हतं. त्या भागात सगळेच तसं करतात. 1894 साली डॉ. वॅनलेस या मिशनरी डॉक्टरांनी तिथे रुग्णालय काढलं, आणि तेव्हापासून कोकणातून, कर्नाटकातून, सोलापूरकडून माणसं दुखणी घेऊन मिरजेला येत आलीत. लहानशा गावात दवाखान्यांच्या पाट्याच पाट्या. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि उजवा गुडघा बदलायचं ठरलं.

ऑपरेशन, मग व्यायाम, मग तपासण्या. महिना-दीड महिना तरी मुक्काम होणार होता. बहिणीचं घर सांगलीत, 10 किलोमीटरवर. रोजचं येणं-जाणं नको म्हणून अण्णांनी मिरजेतच एक खोली घेतली. गिअरची सायकल त्यांनी गुहागरहून पार्सलनं पुण्याला पाठवून दिली होती. साडूंची जुनी काळी सायकल पोर्चमध्ये धूळ खात होती, ती अण्णांनी मागून घेतली.

ती घेऊन ते खोलीच्या कोपऱ्यावरच्या सायकल मिस्त्रींकडे गेले. मिस्त्रींनी चाक फिरवून बघितलं, कान जवळ नेला आणि म्हणाले, "ओव्हरऑइल करायला पायजे. उद्या न्या की." अण्णा म्हणाले, "मी बसलो तर चालेल?" मग दुपारभर दोघं बसले. मिस्त्रींनी दोन्ही बुश खोलले, छर्रे रॉकेलच्या वाटीत टाकले. अण्णांनी एकेक छर्रा बाहेर काढून उजेडात फिरवून बघितला आणि झिजलेले चार बाजूला ठेवले. जन्मभर लेथवर काम केलेल्या माणसाची बोटं ती. मिस्त्रींनी ते बघितलं आणि काही न बोलता ग्रीसचा डबा त्यांच्याकडे सरकवला. संध्याकाळी सायकल निघाली तेव्हा मागचं चाक नुसत्या बोटानं फिरवलं तरी बराच वेळ थांबत नव्हतं.

आणि अण्णांचे दिवस सुरू झाले. सकाळी दूध. मग डबा घेऊन दवाखाना. मग रक्ताचा रिपोर्ट आणायला पलीकडच्या गल्लीत, तिथून औषधाच्या दुकानात, तिथून लक्ष्मी मार्केटला भाजी. दुपारी पुन्हा दवाखाना. येताना वाट थोडी वाकडी केली की सतारमेकरांची गल्ली. दुकानांच्या छताला वाळके भोपळे टांगलेले, खाली कुणीतरी तंबोऱ्याची दांडी घासत बसलेलं. अण्णांना लाकडाच्या भुशाचा वास आवडायचा. ते सायकल भिंतीला टेकवून उभे राहायचे. दोन-तीन दिवसांनी आतून हाक आली, "बाहेर का उभारलाय? या आत." तिसऱ्या आठवड्यात तिथले एक म्हातारे कारागीर अण्णांना आपला पटाशीचा संच दाखवून धार नीट बसलीय का ते विचारायला लागले.

गाव सपाट. चढ म्हणून काय तो रेल्वेच्या पुलाचा. संध्याकाळी माई झोपल्या की अण्णा कृष्णाघाटापर्यंत जाऊन यायचे. एकदा घाटाच्या वाटेवर पुढचं चाक बसलं. अण्णा खाली उतरले, सायकल हातात धरली, रस्त्यावरच्या एका उसाच्या गुऱ्हाळाशी थांबून रस घेतला आणि चालत मिस्त्रींच्या दुकानी आले. घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून मिस्त्री बुडबुडा शोधत होते, तेव्हा अण्णांच्या लक्षात आलं की अजून दिवेलागणही झालेली नाही.

त्या रात्री त्यांना झोप लागेना. उठून त्यांनी मनातल्या मनात गेल्या आठवड्यांचा हिशेब मांडला. रोज पाच-सात किलोमीटर तरी होत होते, कधी दहा-बारा. एकही दिवस खाडा नाही. आणि यांतल्या एकाही दिवशी ते सायकल चालवायला म्हणून बाहेर पडले नव्हते. पुण्यात गेली कित्येक वर्षं रविवारची सायकल वेगळी आणि आठवड्याचं जगणं वेगळं झालं होतं. पिंपरीची पाळी करत होते तेव्हा तसं नव्हतं. तेव्हा सायकल पोटापाण्याची होती आणि म्हणूनच ती रोज चालत होती. आता निवृत्तीचं गाव शोधताना त्यांनी रविवारचीच सायकल डोळ्यांपुढे ठेवली होती. निवृत्त माणसाला रविवार असा उरतच नाही. त्याला सगळे मंगळवार. मंगळवारी दूध आणायचं असतं, वीजबिल भरायचं असतं, कुणाशी तरी चार शब्द बोलायचे असतात. ते सगळं ज्या गावात पायडलच्या पल्ल्यात असेल तिथे सायकल शेवटपर्यंत साथ देईल. जिथे नसेल तिथे ती पोर्चमध्ये उभी राहील, बाहेरचा देखावा कितीही सुरेख असो.

सकाळी दवाखान्यात त्यांनी माईंना विचारलं, "मिरज कशी वाटते?"

माई वॉकर धरून दारापर्यंत जाऊन आल्या होत्या. दम घेत म्हणाल्या, "आत्ता ऑगस्ट आहे ना? मग नदी बघून या आधी."

हे माईंचं बरोबर होतं. या भागाचा वाईट महिना तोच. कोयनेतून पाणी सोडलं आणि वर पाऊस लागून राहिला की कृष्णा फुगते. सांगलीत आयर्विन पुलाशी पाणी किती फुटांवर आहे हे सकाळी चहाबरोबर विचारलं जातं. पंचेचाळीस फूट म्हणजे धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये ते 57 फुटांच्या वर गेलं आणि निम्मी सांगली पाण्यात होती. बहिणीच्या घराच्या भिंतीवर त्या पाण्याची रेघ अजून दिसत होती. अण्णा तिच्या शेजारी उभे राहिले. रेघ त्यांच्या छातीला लागली. मग ते चार दिवस सायकलवर मिरजेच्या गल्ल्या फिरले आणि प्रत्येक गल्लीत म्हाताऱ्या माणसांना एकच प्रश्न विचारला, "एकोणीस साली पाणी कुठवर आलं होतं?" कृष्णाघाटाकडे बोटं वर जात होती, कुणी छपराएवढं दाखवत होतं. गावाच्या उंच अंगाला लोक म्हणत, "हितं न्हाई आलं. हितं लोक राहायला आले होते." अण्णांनी तो भाग ध्यानात ठेवला आणि तिथेच वर्षभराच्या करारानं तळमजल्यावरचं घर भाड्यानं घेतलं. विकत घेण्याची घाई दोघांनाही उरली नव्हती.

वर्षभरात मिरजेच्या उण्या बाजूही कळल्या. दिवाळीनंतर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की ऊस भरलेल्या दुहेरी ट्रॉल्या रस्त्यावर येतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, बाहेर लोंबणारे ऊस. अण्णांनी नियम केला, हंगामात अंधार पडल्यावर गावाबाहेर सायकल न्यायची नाही, आणि तो एकदाही मोडला नाही. एप्रिल-मे महिन्यांत ऊन असं तापायचं की दहाच्या आत सगळी कामं उरकावी लागत. रस्त्यांची दुरुस्ती कायमची चाललेली. समुद्र नाही, धुकं नाही, पुण्याहून पाहुणा आला तर फोटो काढावा असं काही खिडकीतून दिसत नाही.

आणि तरी पल्ला म्हटला तर होता. अर्जुनवाड, शिरोळवरून नरसोबावाडी, कृष्णा-पंचगंगेचा संगम. ही वाट उसातून जाते आणि चालवणाऱ्याला कुठेही दम लागत नाही. त्यापुढे जोर असेल त्या दिवशी खिद्रापूरचं कोपेश्वराचं देऊळ. सांगलीकडून हरिपूर, चिंचांच्या सावलीतून. घाटाची हौस राहिलीच तर पूर्वेला दंडोबाचा डोंगर होता, आणि अण्णा पहिल्या हिवाळ्यात पुण्याहून गिअरची सायकल मागवून तो चढून आले. वर देवळापाशी बसून त्यांनी शेंगदाण्याचा लाडू खाल्ला. चढ चांगलाच होता. फरक एवढाच की हा चढ त्यांच्या आणि दुधाच्या पिशवीच्या मध्ये उभा नव्हता. ज्या वर्षी तो चढवणार नाही त्या वर्षी दंडोबाला लांबून नमस्कार करता येईल, आणि भाजी तरीही सायकलवरच येईल.

आता माईंचं सांगायला हवं, कारण अण्णांना ज्याचा अंदाजच नव्हता ते तिकडे घडलं.

गुडघा बदलल्यावर व्यायामासाठी एका जागी उभी केलेली सायकल देतात. माईंनी आयुष्यात सायकल चालवलेली नव्हती. माहेरी ती भावांसाठी होती, आणि सासरी अण्णांच्या मागे कॅरिअरवर बसायच्या. व्यायाम घेणाऱ्या मुलीनं सीट उंच करून त्यांना बसवलं. पहिल्या दिवशी गुडघा पुरता वाकेना. पायडल अर्ध्यावर जायचं आणि अडायचं. मुलगी म्हणाली, "जाईल तिथपर्यंत पुढे, मग मागे. पुरा फेरा आजच नको." माई ओठ घट्ट मिटून पुढे-मागे करत राहिल्या. असे बरेच दिवस गेले. अण्णा शेजारी स्टुलावर बसून असायचे, आणि त्यांना कितीही वाटलं तरी एकही सूचना द्यायची नाही अशी माईंची ताकीद होती. मग एका सकाळी पायडल वर आलं, वरच्या टोकाला क्षणभर थांबलं आणि पलीकडे गेलं. माईंनी दुसरा फेरा मारला. तिसरा मारला. मुलीनं "बास" म्हटलं तरी थांबेनात.

घरी आल्यावर त्या दोन दिवस गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "अहो, त्या मिस्त्रींना विचारा, मोठ्या माणसांना तीन चाकांची मिळते का."

मिळत होती. मागे दोन चाकं, मध्ये जाळीची टोपली, सीट बुटकं. मिस्त्रींनी हँडल थोडं वर घेतलं, ब्रेक माईंच्या मुठीला येईल असा वळवला आणि डॉक्टरांनी होकार दिल्यावरच सायकल ताब्यात दिली. पहिला महिना माई फक्त गल्लीत फिरल्या. गल्लीतली पोरं मागे धावायची. मग कोपऱ्यावरची डेअरी, मग देऊळ, मग मंडईचा दिवस. गुहागरला हे होणं नव्हतं आणि पाचगणीला तर नाहीच. अण्णा स्वतःसाठी गाव शोधायला निघाले होते आणि त्यांच्या यादीत माईंची सायकल कुठेच नव्हती. सपाट रस्ता, पाच मिनिटांवरची डेअरी आणि ओळखीचा मिस्त्री एवढ्या भांडवलावर ती आपोआप आली.

वर्ष संपल्यावर त्याच गल्लीत, दोन घरं सोडून, एक तळमजल्याचं घर विकायला निघालं. मुलगा बेंगळुरूहून रात्रीच्या गाडीनं आला, मिरज जंक्शनवर उतरला, आणि त्याला न्यायला आई तीन चाकांवर आलेली बघून बॅग खाली ठेवून उभाच राहिला. कागदपत्रं झाली. अण्णांनी दाराशी दोन सायकलींपुरती पत्र्याची शेड घालून घेतली, पण माईंची सायकल रुंद निघाल्यामुळे त्यांची स्वतःची अजून बाहेर भिंतीला टेकून उभी असते. शेड वाढवायला गवंडी येत्या बुधवारी येणार आहे.